मायवर गेलेली अक्षरे

दामू, तुझ्या पटाचा अर्थ मी चुकीचा लावला. नुसता चुकीचा लावला असता तर एक वेळ चालले असते. मी मराठी शिकवणारा माणूस. कवितांचे चुकीचे अर्थ रोज लावतो आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही. पण हा अर्थ मी भरसभेत, लाउडस्पीकरवरून, टाळ्या घेत लावला. त्या टाळ्यांपायी पट त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरला. दुसऱ्या दिवशी तुझी माय तो पाहायला गोंदियाला आली आणि तिला नुसती भिंत दिसली. हे तू मला एकदाही बोलून दाखवले नाहीस. तू बोलशील म्हणून मी वाट पाहिली असेही नाही. बोलण्यासारखे काही आहे हेच मला माहीत नव्हते. आता तू नाहीस, तेव्हा मलाच बोलायला हवे.

तुझ्या तेरवीहून परतल्यापासून मला एका जागी बसवत नाही. फळ्यावर लिहिताना ‘ण’ आला की खडू थांबतो. मागे मुले खुसखुसतात. खोलीवर आलो की पुन्हा चप्पल घालून बाहेर पडतो, कुडव्याच्या रस्त्याने तुझ्या जुन्या घरापर्यंत जातो आणि तिथे काही काम नसल्यामुळे परत येतो. तुझ्या घराशेजारच्या बिड्या वळणाऱ्या बाईने काल विचारले, “मास्तर, काही हरवलं का?” मी नाही म्हणालो.

नागपूरहून मी इथे नोकरीला आलो तेव्हा स्टेशनावर मला घ्यायला तूच आला होतास. हेडमास्तरांनी पाठवलेला ड्रॉइंग मास्तर. तू माझ्या ट्रंकेची एक कडी धरलीस, उचलून पाहिलीस आणि म्हणालास, “पुस्तकं हायेत का गोटे?” त्या दिवशी तू मला कुडव्याला तुझ्या घरी नेलेस आणि खोली मिळेपर्यंत ठेवून घेतलेस. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला; तुझ्याकडे सकाळ-संध्याकाळ भात. मी कुरकुर केली की तू ताटात आणखी वाढायचास. “खाय गा. भाकरीनं मानूस भासन देते, भातानं झोपते. तू थोडा झोप.”

आपले भांडण पहिल्या महिन्यातच सुरू झाले. सातवीच्या वर्गात एका मुलाने निबंधात ‘आमच्या गावचा तरा’ असे लिहिले होते. मी वहीत लाल शाईने गोल काढला, मुलाला उभे केले आणि ‘तळे’ हा शब्द त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतला. तो पुन्हा पुन्हा ‘तरे’ म्हणाला. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तू चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसलास. तुमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या गावोगावचे तलाव बांधणारे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

“तरा माह्या आज्यानं बांधला,” तू म्हणालास. “तू म्हनते ते कोनं बांधलं, सांग.”

मी तुला शुद्ध भाषेचे महत्त्व सांगितले. शुद्ध बोलल्याशिवाय ही मुले पुढे कशी जाणार, नागपुरात यांना कोण विचारणार. तू ऐकून घेतलेस आणि म्हणालास, “तुहं बरोबर हाये. मी बी वर्गात तुह्यासारखाच बोलतो ना.” हे खरे होते. वर्गात तू अगदी पुस्तकातल्यासारखा बोलायचास आणि फाटकाबाहेर पाऊल पडले की दुसराच माणूस व्हायचास. मला त्याचे कौतुक वाटायचे. मी तुला म्हणालोही होतो की तुझ्याकडे दोन कोट आहेत, एक शाळेचा आणि एक घरचा. तू म्हणालास, “कोट एकच हाये. दुसरी माही कातडी हाये.” मी हसलो. चांगले वाक्य म्हणून लक्षात ठेवले. त्यापलीकडे काही केले नाही.

मग आपला भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. गावात निम्मे लोक पेढे वाटत होते आणि निम्मे गप्प होते. बाजारात हिंदी, कचेरीत कालपर्यंत हिंदी, शाळेत एका भिंतीआड मराठीचे वर्ग आणि दुसऱ्या भिंतीआड हिंदीचे. त्या हिवाळ्यात स्नेहसंमेलन ठरले तेव्हा कमिटीने तुला सांगितले की मंचामागच्या भिंतीवर लावायला मोठा पट कर, मराठीची वर्णमाला कर, वेळेला साजेसे होईल. ही सूचना माझीच होती. तू कुठलाही प्रश्न न विचारता हो म्हणालास.

तो पट तू तेंदूपानांचा केलास. शेजारणीकडून पाने घ्यायचास, ती तिच्यासारखीच पाण्यात भिजवून मऊ करायचास आणि तिच्याच कात्रीने अक्षरे कापायचास. ती अंगणात बिडीची पाने कापत बसलेली, तू तिच्या बाजूला ‘ग’ आणि ‘घ’ कापत बसलेला. ती तुला म्हणायची, “मास्तर, हे पेटवून ओढाचं का वाचाचं?” तू म्हणायचास, “आधी वाच, मंग ओढ.” पांढऱ्या जाड कापडावर लाल दोऱ्याने तू एकेक अक्षर टाचलेस. ‘ङ’ आणि ‘ञ’ तू घेतले नाहीस, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही नाहीत, पहिलीच्या मुलांना ती आम्हीही उशिराच शिकवतो, म्हणून कुणाला काही वाटले नाही. पण पट भिंतीवर चढला तेव्हा सगळ्यांना दिसले की मध्ये मध्ये भोके आहेत. ‘च’ आणि ‘ज’च्या मध्ये अक्षराएवढे चौकोनी भोक. ‘ढ’च्या पुढे एक. ‘व’च्या पुढे लागोपाठ दोन. आणि शेवटी ‘ह’च्या नंतर एक. छ, ण, श, ष आणि ळ यांच्या जागी कापडच नव्हते. मागची चुन्याची भिंत दिसत होती. कडा तू शर्टाच्या काजांसारख्या नीट शिवल्या होत्यास, म्हणजे चुकून फाटले असे म्हणायची सोय नव्हती.

हेडमास्तरांनी विचारले, “हे काय?” तू म्हणालास, “वाचा, सर. मोठ्याने वाचा.” तेवढेच. मलाही तेवढेच सांगितलेस. मी वाचले नाही. वर्णमाला काय वाचायची? मी फक्त पाहिली. पाहता पाहता माझी नजर शेवटच्या भोकावर गेली आणि मला एकदम सापडले. ळ! हिंदीत ळ नाही. मला इतका आनंद झाला, दामू, की बाकीची चार भोके मला दिसतच नव्हती असे म्हटले तरी चालेल. ती दिसत होती. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो.

संमेलनात माझे भाषण होते. लिहून आणलेले बाजूला ठेवून मी पटाकडे बोट केले. म्हणालो, “हे शेवटचे भोक पाहा. हा आपला ळ. इतकी वर्षे परक्या कचेरीच्या छपराखाली राहून तो असा कापला गेला आहे. या कलावंताने कापडाला नाही, आपल्या काळजाला भोक पाडले आहे.” टाळ्या. मागच्या रांगेतली मोठी मुले बाकांवर उभी राहिली. मला थांबवेना.

हिंदी शिकवणारे आपले पंडितजी चांगला माणूस. त्यांनी बसल्या जागेवरून शांतपणे विचारले, “भाई, ‘ण’ और ‘श’ तो हमारे यहाँ भी हैं। वे क्यों काटे?”

त्या क्षणी मला थांबता आले असते. माझा अर्थ पाचातल्या एकाच भोकाला लागू पडत होता, आणि सातवीच्या मुलाने असा अर्थ लिहिला असता तर मी शून्य गुण दिले असते. मी म्हणालो, “ती रचनेच्या तोलासाठी आहेत.” पुन्हा टाळ्या.

अध्यक्षस्थानी कमिटीचे शेठजी होते, तांदळाच्या गिरणीवाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते उठले आणि माझ्याकडे न बघता तुझ्याकडे वळले. “मास्टरजी, आपने बनाया है, आप ही बताइए। ये किस पर है?”

तू मंचाच्या कडेला उभा होतास, हातात शिडीचा दोर. तू म्हणालास, “मायवर गेलं हाये, सेठजी.”

सभागृह हसून फुटले. पोराच्या नाकाविषयी बोलावे तसे तू बोलला होतास. शेठजींनासुद्धा हसू आले असावे, पण त्यांना ते थट्टा केल्यासारखे वाटले. मीही हसलो. मला वाटले, शेठजींना घाबरून तू विषय उडवून लावलास. आणि मी लाउडस्पीकरपुढे वाकून म्हणालो, “माणूस घाबरतो. कला घाबरत नाही.”

हे वाक्य मी त्या वेळी तुझ्या बाजूने बोलत होतो, दामू. तुझ्या बाजूने!

सभा संपल्याबरोबर कमिटी बसली आणि उठली. झगड्याची चीज शाळेत नको. तूच शिडीवर चढून पट उतरवलास. मी खाली उभा राहून तुला म्हणत होतो की आज तुझे नाव झाले, उद्या सगळे गाव तुला ओळखेल. तू वरून एक टोक माझ्या हातात दिलेस. आपण दोघांनी मिळून त्याची घडी केली. आत पाने कडकड वाजत होती.

“उद्या माय येऊन राहिली गा,” तू म्हणालास.

“मग?”

“मंग काही नाही. टोक नीट धर.”

कापड शाळेचे होते, म्हणून हेडमास्तरांनी पट खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप लावले. मी तुला म्हणालो, उद्या किल्ली मागून घे आणि खोलीतच मायला दाखव. तू मान हलवलीस. “खोलीत दाखवून का करू? भिंतीवर पायजे होतं.” जरा पुढे गेल्यावर तू थांबलास. “अन् बाकीच्या भोकायचं का करू? बुजवू?”

मी तुला तेव्हा बरेच काही ऐकवले. कलाकृती एकदा पूर्ण झाली की तिच्यावर कर्त्याचा हक्क राहत नाही, पाहणारा जो अर्थ लावेल तोही तिचाच, असे नुकतेच कुठेतरी वाचलेले. तू ऐकत चाललास. शेवटी म्हणालास, “हक्क नोको सांगू. वाच म्हनलो तं वाच ना एकदा. मोठ्यानं.” तो वाद तिथे अर्धाच राहिला. नंतरच्या वर्षांत तू दोनदा-तीनदा तेच विचारलेस, “वाचला का?” आणि मी प्रत्येक वेळी हसण्यावारी नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी माय आली. तू मैदानावर मुलांच्या शर्यती घेत होतास. मी रिकाम्या सभागृहात माझे उपरणे शोधायला गेलो तर ती मंचासमोर उभी होती, डोक्यावर नव्या धानाच्या पोह्यांचे गाठोडे. चिचगडच्या पलीकडून जंगलातल्या वाटेने पायी आणि मग मोटारीने आली होती. मला बघून तिने गाठोडे खाली ठेवले.

“बाबू, दामूनं बलावलं मले. भिंतीवर काही लावलं हाये म्हने. कोठं हाये?”

“ते काढले, आई.”

“काऊन गा?”

मी आदल्या दिवसाच्या टाळ्यांमध्येच होतो अजून. मी म्हणालो, “त्या मोठ्या गोष्टी आहेत. तुम्हाला नाही समजायच्या.”

तिने पदर तोंडावर ओढला. त्यानंतर ती परत जाईपर्यंत माझ्यासमोर एक शब्द बोलली नाही. तू मैदानावरून आलास, तिला भिंतीकडे बघताना पाहिलेस, माझ्याकडे पाहिलेस आणि विचारलेस, “पानी देलं का तिले?” मी दिले नव्हते. जाताना तिने पोह्यांतला निम्मा वाटा माझ्यासाठी काढून ठेवला. मी ते पोहे खाल्ले.

नंतर मला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. तिरोड्याला बोललो, भंडाऱ्याला बोललो. प्रत्येक भाषणात तुझा पट मोठा होत गेला आणि शेवटी शेवटी त्यात एकच भोक उरले. तू शिक्षकखोलीत माझ्या समोरच्याच खुर्चीवर बसायचास, चहा अर्धा करून द्यायचास आणि फारसे बोलायचा नाहीस. माझा समज असा की तुला माझ्या कौतुकाचा हेवा वाटतो. ही गोष्ट लिहायला नको वाटते, पण समज तसाच होता.

आणि पुढच्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला तेव्हा माझ्या उशाशी कोण होते? माझे भिजलेले कपडे तू धुतलेस. भाताची पेज तू भरवलीस. तापात मी बडबडत होतो आणि तू म्हणे दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलेस, “तापातबी व्याकरन बरोबर हाये गड्याचं.” ती अजून हे सांगून हसते. मी तुझे आभार मानले नाहीत. मानायचे राहून गेले असे नाही. मित्राचे आभार काय मानायचे असे म्हणून मी ते सोडून दिले. तो सोपा मार्ग होता.

यंदा तुला ताप आला आणि तू गावी गेलास. मी म्हणालो होतो, रविवारी येतो. परीक्षेचे पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी जाईन म्हटले. पुढच्या रविवारआधी निरोप आला.

तेरवीला मी आलो. घराच्या ओट्यावर तुझी माय बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्याविषयी सांगत होती. मी गर्दीत मागे बसलो, म्हणून मी आहे हे तिला कळले नसावे. नाहीतर ती बोलली नसती. ती म्हणत होती, “लहानपनी साप दिसला तं भेला नाही गा माहा दामू. म्हने, माय, पाह्य, कसा लिवल्यासारखा चालते.” लोक डोळे पुसत होते. आणि मी काय करत होतो, सांगू? मी मनातल्या मनात लाल शाई घेऊन बसलो होतो. सवय. ‘लहानपनी’, न नव्हे, ण. “सेतावर जाय म्हनलं तं चिखलात काडीनं काही काही काढत बसे.” ‘सेतावर’, स नव्हे, श. “तराच्या पारीवर बसून राये दिवसभर.” तळ्याच्या पाळीवर, र नव्हे, ळ. मला स्वतःची लाज वाटत होती, पण शाई थांबत नव्हती. “औसद पोटात ठरे नाही त्याच्या.” ष. “साती दुखते माय, म्हने. साती दुखते.”

छ.

दामू, मी त्या गर्दीतून उठलो आणि तलावाकडे चालत गेलो. मला आता काही लपवायचे नाही, म्हणून सांगतो: त्या क्षणी मला तुझ्या जाण्याचे दुःख झाले नाही. मला भीती वाटली. पाचही गोल पाचही भोकांवर बरोबर बसले होते. तू म्हणाला होतास, मायवर गेले आहे. तू थट्टा केली नव्हतीस, घाबरलाही नव्हतास. शेठजींनी विचारलेल्या प्रश्नाचे जेवढे सरळ उत्तर देता येईल तेवढे सरळ दिले होतेस. तुझ्या मायच्या तोंडात जी अक्षरे कधी आलीच नाहीत, ती तू कापून टाकलीस, आणि जी उरली ती भिंतीवर लावलीस. मोठ्याने वाचले असते तर कुणाही गावच्या माणसाला ऐकू आले असते. मी बारा गावांत त्याचा अर्थ सांगत हिंडलो आणि तो अर्थ रोज माझ्या वर्गात बाकांवर बसत होता. मी त्यावर गोल काढत होतो.

पण अजूनही मला सगळे कळले असे म्हणवत नाही. ती भोके उणीव दाखवायला होती की त्यांतून बघायला? ‘एवढ्याच अक्षरांत माझ्या मायने मला वाढवले’ असे तुला म्हणायचे होते का? की ती चौकोनी भोके म्हणजे माझे लाल गोलच होते, माझ्या वह्यांतून कापून काढलेले? मला शेवटचा अर्थ खरा वाटतो, मग वाटते, हेही मीच. जिथे तिथे स्वतःला आणून बसवणारा. तू असतास तर विचारले असते. तू असताना विचारले नाही.

त्या दिवशी मी तुझ्या मायला न भेटता परतलो. गोंदियाला येऊन हेडमास्तरांकडे किल्ली मागितली. पट फुटबॉलच्या जाळ्यांखाली होता. घडी उघडली तेव्हा पानांचा भुगा खाली गळला. कीड आणि कोरडेपणा यांनी अक्षरे जवळजवळ सगळी खाल्ली होती. कापडावर लाल टाके आणि तपकिरी डाग तेवढे उरले होते. भोके मात्र जशीच्या तशी होती, एक दोरा उसवला नव्हता. मी हेडमास्तरांना विचारले, हा पुन्हा भिंतीवर लावता येईल का. ते म्हणाले, “अहो, लावायचे काय? यात आहे काय?”

मी कापड पिशवीत घातले आणि मागच्या आठवड्यात तुझ्या गावी गेलो. मोटारीत सगळा वेळ एक वाक्य जुळवत होतो. ‘मी आपली अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो’ असे काहीतरी. चिचगडपर्यंत ते पाठ झाले होते.

माय अंगणात मोहफुले वाळत घालत होती. मला पाहून तिने आधी पदर तोंडाशी नेला. मग बाज ओढून दिली, पाणी दिले. मी तिच्यासमोर कापड पसरले. तिने हात पुसले आणि एका भोकात बोटे घालून पाहिली.

“उंदरानं खाल्लं वाटते.”

“नाही माय. हे दामूने कात्रीने कापले आहे. शाळेच्या भिंतीवर लावले होते ते हेच. तुम्ही पाहायला आला होता.”

तिने कापड जवळ ओढले. मी डागांवर बोट ठेवून वाचायला लागलो. मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा तुझा पट मी मोठ्याने वाचला. क, ख, ग, घ. च. मग भोक, तिथे मी नुसता श्वास घेतला. ज, झ. ट, ठ, ड, ढ, आणि पुन्हा श्वास. ती ऐकत होती, मान थोडी तिरकी करून, तू ऐकायचास तशी. शेवटच्या भोकापाशी मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, “मंग? बरोबर तं हाये. सुटलं का त्यात?”

“काही नाही सुटले,” मी म्हणालो. “हे तुमचे बोलणे आहे. तुम्ही बोलता तेवढीच अक्षरे त्याने ठेवली. तुमच्या बोलण्यात जी नाहीत ती कापली.”

तिला ते समजायला वेळ लागला नाही. तिने माझ्याकडे पाहिले, कापडाकडे पाहिले आणि पदराआड हसू फुटले. “बापा! माहं बोलनं कोनी भिंतीवर लावते का गा? येडा पोट्टा.” ती खूप वेळ हसत राहिली आणि त्यातच रडू लागली, आणि मग दोन्ही थांबले. एक कोंबडी मोहफुलांवर आली, तिला तिने हाकलले.

मग तिने पदर तोंडावरून काढला. “बाबू, तवा तू मले काऊन म्हनला होता, का तुले समजनार नाही?”

मोटारीत पाठ केलेले वाक्य मला आठवले आणि तोंडातून निघेना. त्यातला एक शब्दही त्या अंगणात बोलता येण्यासारखा नव्हता. मी बाजेवरून उठलो, तिच्यासमोर खाली मातीत बसलो आणि म्हणालो, “चुकलो, माय. समजत नव्हतं ते मला. माफ कर.”